पोटावर जुने टाके असताना नळीत गर्भ राहिला तर: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

शंभर गर्भधारणांमागे एक ते दोन वेळा गर्भ गर्भपिशवीत न रुजता बाहेर रुजतो. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा तो गर्भनलिकेत, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘नळी’ किंवा ‘ट्यूब’ म्हणतो, तिथे असतो. या विषयावर आलेल्या पत्रांत एक धागा समान आहे. कुणाचं सीझर झालंय, कुणाचं अपेंडिक्स, कुणाचं कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. पोटावर आधीच टाक्यांची खूण असताना दुर्बिणीतून ऑपरेशन करणं धोक्याचं तर नाही ना, ही काळजी सगळ्यांनाच आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून ही उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझी दोन सीझर झाली आहेत. पाळी चुकून सात आठवडे झाले, डाव्या बाजूला दुखतंय. सोनोग्राफीत डाव्या नळीत साडेतीन सेंटिमीटरची गाठ दिसली, बीटा एचसीजी (गर्भ राहिल्यावर रक्तात वाढणारं संप्रेरक) ६८०० आहे. डॉक्टर दुर्बिणीतून करू म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, दोनदा पोट उघडलंय, आता सरळ पोट उघडूनच करा, आतलं सगळं नीट दिसेल. काय करावं? (सांगली)

तुमच्या सासूबाईंची काळजी अगदी रास्त आहे, फक्त ‘पोट उघडलं की नीट दिसतं’ हा समज या ऑपरेशनला लागू पडत नाही. नळी ओटीपोटाच्या तळाशी, गर्भपिशवीच्या मागे-बाजूला असते. दुर्बीण तिथपर्यंत आत जाते आणि तो भाग मोठा करून पडद्यावर दाखवते. उघड्या ऑपरेशनमध्ये तोच भाग खोल विहिरीत वाकून बघितल्यासारखा बघावा लागतो. शिवाय आतडं किंवा चरबीचा पडदा जुन्या टाक्यांच्या आतल्या बाजूला चिकटला असेल, तर पोट उघडताना सर्जनला त्याच चिकटलेल्या जागेतून वाट काढावी लागते. दुर्बिणीत ती जागा टाळून दुसरीकडून शिरता येतं. म्हणजे जुने टाके असतील तर दुर्बिणीची बाजू उलट भक्कम होते, अट एवढीच की पहिलं छिद्र विचारपूर्वक केलेलं असावं.

सीझरनंतरची चिकट (आतले अवयव एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटणं) बहुतेक वेळा पुढच्या बाजूला असते: गर्भपिशवी, मूत्राशय आणि पोटाची भिंत यांच्यामध्ये. नळ्या मागे आणि बाजूला असल्यामुळे बऱ्याचदा मोकळ्या सापडतात. एक गोष्ट मात्र सर्जनने लक्षात ठेवावी लागते. सीझरनंतर मूत्राशय नेहमीपेक्षा वर ओढलं गेलेलं असू शकतं. म्हणून ओटीपोटाच्या खालच्या बाजूचं छिद्र नेहमीपेक्षा वर, आतून कॅमेऱ्याने बघत आणि लघवीची नळी घालून मूत्राशय रिकामं केल्यावरच करतात.

पोट उघडणं केव्हा योग्य? रक्तस्राव इतका आहे की शोषून घेतलं तरी पुन्हा भरतं आणि काही दिसत नाही. ओटीपोटातले सगळे अवयव एकमेकांना सिमेंटसारखे चिकटलेत. किंवा त्या रात्री त्या रुग्णालयात दुर्बिणीचा सराव असलेला हात नाही. यातलं काहीही असेल तर पोट उघडणं हाच शहाणपणा. दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडावं लागलं तर त्याला ‘ऑपरेशन फसलं’ म्हणू नये. संमतीपत्रावर सही करण्याआधीच ही शक्यता घरच्यांना सांगितलेली असावी.

तुमच्या बाबतीत आणखी एक. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार गाठ ३५ मिलिमीटर किंवा मोठी असेल, बीटा एचसीजी ५००० किंवा त्याहून जास्त असेल, गर्भाचे ठोके दिसत असतील किंवा दुखणं जास्त असेल, तर ऑपरेशनच सुचवावं. तुमच्याकडे यातल्या दोन गोष्टी नक्की आहेत, आणि दुखणंही आहे. दुसरं मत घ्यायचं असेल तर आज घ्या, आठवडाभर नको. आणि सर्जनला हे जरूर विचारा: पहिलं छिद्र कुठे करणार आणि का, रक्ताची सोय झाली आहे का, आणि आतड्याला इजा झालीच तर शिवायला जनरल सर्जन बोलावल्यावर किती वेळात पोचतील?

प्रश्न : नळीतला गर्भ उचलून पिशवीत ठेवता येत नाही का? (बेळगाव)

नाही. नळीतल्या गर्भाची मुळं तिथल्या रक्तवाहिन्यांत शिरलेली असतात. सुटल्यावर तो जगत नाही आणि पिशवीत पुन्हा रुजवण्याची कोणतीही पद्धत आज उपलब्ध नाही. हे ऐकणं फार जड असतं याची आम्हाला जाणीव आहे. यात आईची कसलीही चूक नसते.

प्रश्न : बारा वर्षांपूर्वी अपेंडिक्स फुटलं होतं. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत उभा टाका आहे, महिनाभर पू येत होता. आता उजव्या नळीत गर्भ आहे. डॉक्टर म्हणतात, बेंबीतून न जाता डाव्या बरगडीखालून जाऊ. नळी खाली उजवीकडे आणि छिद्र वर डावीकडे, हे कसं? (परभणी)

तुमच्या डॉक्टरांनी अगदी नेमका विचार केलाय. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सर्वांत नाजूक क्षण गर्भ काढण्याचा नसतो, पहिली सुई पोटात शिरते तो असतो. त्यानंतरची सगळी छिद्रं आतून बघत करता येतात. पहिलं मात्र न बघता करावं लागतं.

एरवी ही सुई बेंबीतून घालतात, कारण तिथे पोटाची भिंत सर्वांत पातळ असते. पण बेंबीखाली आतडं चिकटलेलं असेल तर? ऑडेबर्ट आणि गोमेल या स्त्रीरोगतज्ज्ञांनी ८१४ स्त्रियांमध्ये नेमकं हेच तपासलं आणि २००० साली प्रसिद्ध केलं. पोटाचं एकही ऑपरेशन न झालेल्या स्त्रियांमध्ये बेंबीपाशी चिकट सापडली ०.६८ टक्के, आधी दुर्बिणीचं ऑपरेशन झालेल्यांत १.६ टक्के, सीझरसारख्या खालच्या आडव्या टाक्यानंतर १९.८ टक्के, आणि उभ्या टाक्यानंतर ५१.७ टक्के. तुमचा टाका शेवटच्या गटातला, त्यात पू झालेला. बेंबीतून आंधळी सुई घालणं म्हणजे निम्म्या वेळा चिकटलेल्या जागेवर टोचणं.

डाव्या बरगडीखालच्या जागेला पामर पॉइंट म्हणतात, राऊल पामर या फ्रेंच स्त्रीरोगतज्ज्ञांच्या नावावरून. डाव्या गळ्याच्या हाडाच्या मध्यापासून सरळ खाली रेघ ओढायची आणि बरगडीच्या कडेपासून ३ सेंटिमीटर खाली थांबायचं. इथे चिकट क्वचितच असते. उजवीकडे त्याच उंचीवर यकृत येतं, म्हणून डावी बाजू. मात्र इथे जठर आणि प्लीहा जवळ असतात. म्हणून सुई घालण्याआधी नाकातून रायल्स ट्यूब घालून जठर रिकामं करतात आणि प्लीहा वाढलेली नाही ना हे हाताने चाचपतात. जठराचं किंवा प्लीहेचं ऑपरेशन झालं असेल, यकृताच्या आजारामुळे प्लीहा मोठी असेल, तर ही जागाही वर्ज्य.

पुढचा क्रम असा. टेबल आडवं सपाट ठेवतात. डोकं खाली केलेलं नसतं, कारण पोटातली मोठी रक्तवाहिनी डोकं खाली केल्यावर बेंबीच्या रेषेत जास्त सरकते. या पहिल्या सुईच्या, म्हणजे वेरेस सुईच्या आत स्प्रिंगवर बसलेलं बोथट टोक असतं. भिंत ओलांडली की ते पुढे येतं. मग कार्बन डायऑक्साइड वायू हळू सोडतात. सुरुवातीचा दाब ८ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली असेल तर सुई मोकळ्या पोकळीत आहे असं समजतात. दाब लगेच वर उडाला, तर सुई पोटाच्या थरांत किंवा चरबीच्या पडद्यात अडकलेली असते; ती काढून पुन्हा घालावी. एका जागी दोनदा जमलं नाही तर हट्ट न धरता जागा किंवा पद्धत बदलावी. या टप्प्यावर सर्जनचा हट्ट फार महागात पडतो.

दाब २० ते २५ मिलिमीटर पाऱ्यापर्यंत नेल्यावर भिंत आतड्यापासून चांगली वर उचलली जाते आणि तेव्हा ५ मिलिमीटरचं पहिलं पोर्ट (दुर्बीण आणि हत्यारं आत नेण्याची पोकळ नळी) घालतात. पोर्ट गेलं की दाब लगेच १२ ते १५ वर आणतात, कारण जास्त दाबात रुग्णाच्या फुप्फुसांवर आणि हृदयाकडे परतणाऱ्या रक्तावर ताण येतो. ज्या स्त्रीच्या पोटात आधीच रक्त साचलंय तिच्या बाबतीत भूलतज्ज्ञाला हे मिनिटभरही विसरून चालत नाही.

आता ५ मिलिमीटरची दुर्बीण वरून गोल फिरवून आतलं सगळं बघतात: बेंबीच्या आतल्या बाजूला काय चिकटलंय, उभ्या टाक्याला काय लटकलंय, कुठली जागा मोकळी आहे. त्या मोकळ्या जागांतून, कॅमेऱ्यासमोर, बाकीची पोर्ट घालतात. म्हणजे वरचं छिद्र हे फक्त सुरक्षितपणे आत डोकावण्यासाठी. नळीपर्यंत पोचणारी हत्यारं खालच्या छिद्रांतूनच जातात.

काही सर्जन हॅसन यांची उघडी पद्धत पसंत करतात: बेंबीपाशी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा छेद घेऊन एकेक थर डोळ्यांनी बघत उघडायचा आणि मग बोथट पोर्ट घालायचं. यात मोठ्या रक्तवाहिनीला इजा होण्याची भीती जवळपास जाते. आतड्याची इजा शंभर टक्के टळत नाही, पण झालीच तर तिथल्या तिथे दिसते, हा मोठा फायदा. दोन्ही पद्धती चांगल्या. आमचं मत असं की सर्जनचा हात ज्या पद्धतीवर रोज बसलेला आहे ती वापरावी. उभ्या टाक्यावर बेंबीतून आंधळी सुई मात्र नको.

तुमचं अपेंडिक्स उजवीकडे फुटलं होतं आणि गर्भही उजव्या नळीत आहे. हा योगायोग नसावा. तिथल्या जंतुसंसर्गाने नळी बाहेरून चिकटून मुडपली असेल, तर फलित बीज पुढे सरकायला अडथळा होतो. त्यामुळे उजव्या बाजूला मोठं आतडं नळीला चिकटलेलं सापडण्याची शक्यता डॉक्टरांनी गृहीत धरलेलीच असेल.

तुमच्याकडून एकच मदत हवी, पण ती फार मोलाची: जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. ते नसेल तर आठवेल तेवढं सांगा. पू किती दिवस होता, पू काढायला पोटात नळी टाकून ठेवली होती का, नंतर कधी आतडी अडकून पोट फुगलं होतं का, बेंबीच्या हर्नियाला जाळी बसवली आहे का, टीबीचं औषध कधी घेतलं होतं का. बायका ‘बिनटाक्याचं’, म्हणजे दुर्बिणीचं, ऑपरेशन मोजतच नाहीत. तेही सांगायचं.

प्रश्न : तालुक्याच्या रुग्णालयात ऑपरेशन थिएटर मी सांभाळते. जुन्या सीझरची, फुटलेल्या नळीची केस रात्री येते तेव्हा ट्रॉली लावताना घाई होते. काय विसरू नये? आणि ऑपरेशन कुठे बिघडतं? (सिन्नर)

सिस्टर, ट्रॉली लावण्याआधी तीन गोष्टी: रुंद तोंडाच्या दोन व्हेनफ्लॉन (शिरेत सलाइन-रक्त द्यायच्या सुया), रक्तगट आणि क्रॉसमॅच करून निदान दोन पिशव्या प्रत्यक्ष थिएटरमध्ये (रक्तपेढीतली पिशवी थिएटरमध्ये धरू नये), आणि पोट उघडायचा सेट मोजून, उघडायच्या तयारीत बाजूला. यातलं काही नसताना दुर्बीण सुरू करू नये.

मग दुर्बिणीची ट्रॉली. पाच मिलिमीटरची दुर्बीण हवीच, कारण पामर पॉइंटवर दहाची नको. सक्शन दोन: पाचचं आणि दहाचं. फुटलेल्या नळीत गोठलेलं रक्त असतं, पाचचं सक्शन त्याने दर मिनिटाला बुजतं आणि तेवढ्यात सर्जनचा धीर सुटतो. तीन लिटर कोमट सलाइन. गार सलाइनने आधीच गारठलेली रुग्ण आणखी गारठते आणि रक्त गोठायला वेळ लागतो. बायपोलर फोर्सेप्स (विजेने भाजणारा चिमटा) आणि तिची वायर चालू करून बघितलेली. धारदार कात्री, न इजा करणारे दोन ग्रास्पर (पकडायचे चिमटे), नळी बाहेर काढायची पिशवी, मिथिलीन ब्लू (छिद्र शोधायला लागणारा निळा रंग), आतडं किंवा मूत्राशय शिवायला ३-० व्हिक्रिल. गर्भ पिशवीच्या कोपऱ्यात असण्याची शंका असेल तर व्हॅसोप्रेसिनही (रक्तवाहिन्या आवळणारं औषध). ते सलाइनमध्ये पातळ करूनच द्यायचं, आणि टोचण्याआधी भूलतज्ज्ञाला मोठ्याने सांगायचं, कारण रक्तवाहिनीत गेलं तर रक्तदाब एकदम चढतो आणि नाडी मंदावते.

ऑपरेशनचा क्रम थोडक्यात. आधी रक्त शोषायचं आणि फुटलेली जागा ग्रास्परने पकडायची. पकड बसली की स्राव थांबतो आणि सगळ्यांना श्वास घ्यायला वेळ मिळतो. मग चिकट सोडवायची, पण फक्त नळीपर्यंत पोचायला अडणारी. दहा वर्षं शांत बसलेलं आतडं उगीच सोडवायला जाऊ नये. प्रत्येक सोडवलेली जागा नवीन इजेची आणि नवीन चिकटीची शक्यता असते. आतड्याजवळ कात्रीच वापरायची, वीज नाही. नंतर गर्भपिशवीजवळ नळी बायपोलरने भाजून कापायची आणि नळीखालचा पडदा नळीला अगदी खेटून भाजत-कापत टोकापर्यंत जायचं. खेटून का? कारण पडद्यात खाली उतरलं तर अंडाशयाचा रक्तपुरवठा जातो. नळी बाजूच्या भिंतीला चिकटली असेल तर तिच्याखालून मूत्रवाहिनी जाते, ती दिसेपर्यंत तिथे वीज लावू नये.

नळी ट्रॉलीवरच्या त्या पिशवीत घालूनच बाहेर काढायची. गर्भाचे तुकडे पोटात सांडले तर ते चरबीच्या पडद्यावर रुजून वाढू शकतात आणि एचसीजी उतरत नाही. शेवटी भरपूर धुवायचं, दुसरी नळी आणि अंडाशय बघून कागदावर नोंद करायची, नमुना हिस्टोपॅथॉलॉजीला पाठवायचा. नळी मण्यांच्या माळेसारखी दिसत असेल तर टीबीची शंका लिहायची.

बिघडतं ते दोन ठिकाणी. लघवीच्या पिशवीत हवा भरू लागली किंवा लघवी लालसर झाली, तर मूत्राशयाला छिद्र आहे. हे सर्वांत आधी तुम्हालाच दिसतं, लगेच सांगा. मिथिलीन ब्लू घालून जागा शोधतात आणि तेव्हाच शिवतात. दुसरं आतड्याचं. कापलेलं दिसतं आणि शिवलं जातं. भाजलेलं त्या दिवशी दिसत नाही, ते काही दिवसांनी फुटतं.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. आमच्या पाड्यावरच्या एका ताईचं आठ वर्षांपूर्वी कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालंय. पाळी पंधरा दिवस लांबली, डाग लागतोय, पोटात दुखतं. ती म्हणते, ऑपरेशन झालंय म्हणजे दिवस जाणार कसे? (पालघर)

आशाताई, तिची लघवीची तपासणी आजच करा. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशननंतर दिवस जाणं दुर्मीळ, पण गेलेच तर ते नळीत असण्याची शक्यता खूप मोठी. अमेरिकेतल्या क्रेस्ट या मोठ्या अभ्यासात, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार, अशा १४३ गर्भधारणांपैकी ४७ गर्भपिशवीबाहेर होत्या. म्हणजे तीनपैकी एक. कापलेली टोकं पुन्हा जुळतात किंवा त्यांच्यात बारीक वाट तयार होते. शुक्राणू त्यातून जातो, गर्भ मात्र त्या अरुंद वाटेत अडकतो.

तपासणी पॉझिटिव्ह आली तर त्याच दिवशी सोनोग्राफी. ती घेरी येऊन पडली, घामाने भिजली, खांद्याच्या टोकाला दुखतंय म्हणाली, तर पोटात रक्त साचतंय असं समजा. खांद्याचं दुखणं खांद्याचं नसतं. पोटातलं रक्त श्वासपटलाला टोचतं, ते तिथे जाणवतं. १०८ ला फोन करा, तिला आडवं ठेवा, पाय उंच करा, खायला-प्यायला काही देऊ नका, आणि रक्त व ऑपरेशन दोन्हीची सोय असलेल्या ठिकाणीच न्या. वाटेत कुठे एचसीजीच्या रिपोर्टची वाट बघायची गरज नाही.

ऑपरेशनमध्ये दोन्ही नळ्या काढणं चांगलं. एकीकडची वाट उघडली, तर दुसरीकडचीही उघडू शकते. याची संमती आधीच घ्यावी. आणि तिचं नसबंदीचं प्रमाणपत्र जपून ठेवायला सांगा. सरकारी योजनेत नसबंदी अयशस्वी झाल्यास भरपाई मिळते. दावा नसबंदी अयशस्वी झाल्याचं कळल्यापासून नव्वद दिवसांच्या आत करायचा असतो, कागदपत्रांसाठी आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा.

प्रश्न : डावी नळी तीन वर्षांपूर्वी याच कारणाने काढली. आता उजवीत गर्भ आहे. मूल नाही. ही नळी वाचवता येईल का? (ठाणे)

येऊ शकते, आणि तुमच्या बाबतीत प्रयत्न करणं रास्त आहे. नळीच्या फुगवट्यावर, रक्तवाहिन्या येतात त्याच्या विरुद्ध बाजूला, एक ते दीड सेंटिमीटरची चीर देतात आणि पाण्याच्या धारेने गर्भ बाहेर ढकलतात. चिमट्याने खरवडत नाहीत, त्याने रक्त वाहतं आणि तुकडे मागे राहतात. चीर शिवत नाहीत, ती आपोआप भरते.

दुसरी नळी चांगली असलेल्या स्त्रियांमध्ये मात्र नळी वाचवून फारसा फायदा होत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ईसेप या ४४६ स्त्रियांच्या अभ्यासात, तीन वर्षांत आपोआप गर्भ राहून टिकण्याचं प्रमाण नळी वाचवलेल्यांत ६०.७ टक्के आणि काढलेल्यांत ५६.२ टक्के होतं. हा फरक ठरवण्याजोगा नव्हता. उलट गर्भाचा अंश मागे राहण्याचं प्रमाण वाचवलेल्यांत ७ टक्के, काढलेल्यांत एकाहून कमी. तुमची दुसरी नळी नाही, म्हणून हिशेब वेगळा.

पण त्याची किंमतही ऐका. नळी वाचवलेल्या पाचपैकी एकीला पुढे मेथोट्रेक्सेटचं (उरलेल्या गर्भाची वाढ थांबवणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन किंवा पुन्हा ऑपरेशन लागू शकतं, असं नाइस सांगते. एचसीजी शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला रक्त तपासायचं. त्याच नळीत पुन्हा गर्भ अडकण्याची भीती राहते. नळी फुटलेली असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर सर्जनला ती काढावीच लागेल. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराला नळी लागत नाही, गर्भपिशवी आणि बीज लागतं. तेव्हा भूल देण्याआधीच डॉक्टरांशी आणि पतीशी बसून ठरवा: नळी खराब दिसली तर काय. टेबलावर हा निर्णय एकट्या सर्जनवर टाकू नका.

प्रश्न : माझी चार ऑपरेशनं झालीत. पाचवं नको. इंजेक्शनने भागणार नाही का? (सोलापूर)

अटी जुळत असतील तर तुमच्यासारखीला इंजेक्शन आवर्जून विचारात घ्यावं. चिकटलेल्या पोटात शिरायचंच टळलं तर त्याहून बरं काय. अटी अशा: दुखणं फारसं नाही, नळी फुटलेली नाही, गाठ ३५ मिलिमीटरहून लहान, ठोके नाहीत, पिशवीत दुसरा गर्भ नाही, आणि एचसीजी शक्यतो १५०० च्या खाली. १५०० ते ५००० मध्ये दोन्ही मार्ग समजावून सांगून निवड तुमची. रक्त, यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या ठीक हव्यात. अंगावर पाजत असाल तर नाही.

हे इंजेक्शन मेथोट्रेक्सेटचं. ते शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम या हिशेबाने स्नायूत एकदा देतात. चौथ्या आणि सातव्या दिवशी एचसीजी. चौथ्या दिवसापासून सातव्या दिवसापर्यंत तो निदान १५ टक्के उतरायला हवा, नाही उतरला तर दुसरा डोस किंवा ऑपरेशन. चौथ्या दिवशी आकडा थोडा वाढलेला दिसला तर घाबरू नका, ते अपेक्षित आहे. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं बंद, दारू आणि शरीरसंबंध बंद. पुढचे तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत. इंजेक्शननंतरही नळी फुटू शकते, म्हणून दवाखाना तीन तासांवर असलेल्या गावी जाऊन राहू नका. नातेवाइकांकडे शहरात थांबा.

प्रश्न : पत्नीचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, चिकटलेलं आतडंही सोडवलं. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पोट जास्त दुखतंय. गॅसमुळे असेल का? (कोल्हापूर)

हे वाचेपर्यंत तुम्ही तिला दाखवलं असेल अशी आशा आहे. ऑपरेशनच्या वायूमुळे खांदे आणि बरगड्या दुखतात, पण ते दुखणं दोन-तीन दिवसांत उतरत जातं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा जायला हवा. उलट होत असेल, म्हणजे दुखणं वाढतंय, ताप, नाडी शंभराच्या वर, उलट्या, पोट फुगलेलं, वारा सरत नाही, तर आतड्याची इजा नाही हे सिद्ध होईपर्यंत ती आहे असंच धरून चालावं. वर सांगितलेली भाजल्याची इजा बहुतेक अशीच काही दिवसांनी कळते. ॲसिडिटीची गोळी आणि वेदनाशामक देऊन परत पाठवलं तर ऐकू नका. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच जा, आतडं सोडवलं होतं हे आठवण करून द्या, सीटी स्कॅनबद्दल विचारा. लघवी कमी होत असेल किंवा जखमेतून पाण्यासारखं गळत असेल तर तेही सांगा.

सगळं सुरळीत असेल तर योनीतून थोडा रक्तस्राव दोन आठवडे चालू शकतो. हलकं काम आठवड्यात, हंडे-कळशा महिनाभर नकोत. नळी काढली असेल तर तीन आठवड्यांनी लघवीची तपासणी निगेटिव्ह आलेली बघून घ्या.

प्रश्न : माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. नळीतल्या गर्भालाही इंजेक्शन लागतं? (पणजी)

ऑपरेशन झालं असेल तर हो. निगेटिव्ह रक्तगटाच्या स्त्रीला द्यायचं अँटी-डी इंजेक्शन ७२ तासांच्या आत. घाईच्या केसमध्ये हेच विसरलं जातं. डिस्चार्ज कार्डावर त्याची नोंद बघूनच घरी या.

प्रश्न : पुढच्या वेळी काय काळजी घेऊ? (अमरावती)

एकदा असं झालेल्या साधारण दहापैकी एकीला पुन्हा होतं. उरलेल्या नऊजणींना नाही. पाळी चुकली की चौथ्या-पाचव्या दिवशी लघवीची तपासणी करा, आणि सहा ते सात आठवड्यांत योनीमार्गातून सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे हे बघा. तुमची सीझर झाली असतील तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना तेही सांगा. गर्भ क्वचित सीझरच्या जुन्या टाक्यात रुजतो आणि पिशवीत असल्यासारखा वाटतो. त्यांनी टाक्याची जागा मुद्दाम बघायला हवी. त्याआधी डाग लागला किंवा एका बाजूला दुखलं तर सात आठवड्यांची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.